बाबांची चटई

वडील गेले आणि आईची झोप उडाली, म्हणून लुपेने ऑकलंडहून टोंगाला येऊन तिची खोली बदलून टाकली. भिंतींना फिकट निळा रंग दिला, पांढऱ्या चादरी घातल्या. पलंगाखाली दडपलेल्या चटया तिने पसारा म्हणून पडवीत नेल्या. त्यात वडिलांचीही गेली; पाठदुखीमुळे ते जमिनीवरच झोपायचे.

"आता कसं शांत वाटतंय ना, आई?"

"छान केलंस गं. पण ह्यांना फरशी गार लागते."

"आई, बाबा नाहीत आता."

"माहीत आहे मला. तेवढी एक चटई सरकव खाली."

लुपेने डोळे पुसले, पडवीतून बाबांची चटई आणली, गुडघे टेकले आणि भिंतीला लागून असलेल्या पलंगाखाली ती ढकलली.

अर्ध्यावर तिने दचकून हात काढले. चटई आत सरकतच राहिली.