पांढरा कागद

"हाही पिवळट दाखवतो," म्हणत वल्लभने भाड्याने नेलेला तिसराही कॅमेरा दुकानदारापुढे सरकवला. शॉर्टफिल्मला पैसे बेताचे, म्हणून म्हाताऱ्याच्या भूमिकेत त्याने वडिलांनाच घेतलं होतं. दर आठवड्याला नवा कॅमेरा लावून अण्णांना खिडकीपाशी बसवायचा, पण त्यांचा चेहरा पिवळाच यायचा.

"तिन्ही कॅमेऱ्यांना एकच खोड?" दुकानदार वैतागला. "हा चौथा न्या. वडिलांच्या हाती पांढरा कागद द्या, त्यावरून रंग जुळवा, मग बोला."

घरी अण्णा कागद धरून बसले. "लवकर आटप रे, हल्ली फार वेळ बसवत नाही."

वल्लभने रंग जुळवून पडद्यावर पाहिलं. कागद दुधासारखा पांढरा होता. तो धरणारी बोटं मात्र हळदीत बुडवल्यासारखी. त्याने कॅमेरा बाजूला करून अण्णांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे पांढरं काही उरलंच नव्हतं.

"हाही बिघडलाय का रे?" अण्णांनी विचारलं.