डिस्क ब्रेक

रूपरावांच्या जुन्या जीपचा ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढायची आणि जोराचा हिसका बसायचा. मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाताना अशाच हिसक्याने वच्छलाबाईंचं कपाळ समोर आपटलं. विसरण्याचा आजार जडल्यापासून बायकोला स्वतःचा तोल सावरायचंही सुचत नव्हतं.

रूपरावांनी जीप पिपरी मेघेच्या गॅरेजात नेली.

"काका, कंपनीतून आली तशी जपली तुमी गाडी. आता ब्रेक काऊन बदलून राह्यले?" मिस्त्रीने विचारलं.

"तुह्या काकूले लागते ना रे," ते म्हणाले.

पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक निघाले आणि डिस्क ब्रेक बसले.

आज दोघं अल्लीपूरहून वर्ध्याला जाऊन आली. वाटेत ब्रेकर आले, गुरं आडवी आली, पण गाडी दर वेळी अलगद थांबली. वच्छलाबाई शांतपणे बाहेर बघत होत्या. घरासमोर रूपरावांनी त्यांना हात धरून खाली उतरवलं.

"आज नाई लागलं ना कुठं?"

त्या कितीतरी दिवसांनी मोकळं हसल्या.



"नाई हो भाऊ, मस्त चालवता तुमी. आमच्या मालकायलेबी शिकवजा जरा, त्यायच्या गाडीत लय हिसके बसते."