पेटीतला उजेड

कावीळ झालेल्या माझ्या बाळाला सिस्टरनी निळ्या दिव्यांच्या पेटीत ठेवलं होतं. आत मीटर धरून त्यांनी उजेडातून बाळाला मिळणाऱ्या ऊर्जेचा हिशोब केला आणि मान हलवली. "कमी पडतेय."

दृष्ट लागू नये म्हणून मी पेटीभोवती डोहाळजेवणाची हिरवी साडी बांधली होती. "ही उजेड गिळतेय," ती सोडत त्या म्हणाल्या. "पांढरं कापड लावा, म्हणजे उजेड परतून बाळावर पडेल."

पांढरं सासूबाईंकडे होतं. त्या दाराबाहेर बाकावर बसून होत्या. "विधवेची सावली नको बाळावर," म्हणायच्या; मी कितीही चिडले तरी आत पाऊल टाकायच्या नाहीत. हाक मारल्यावर त्यांनी पिशवीतली धुतलेली साडी उंबऱ्याबाहेरूनच पुढे केली. "माझी चालेल?"

सिस्टरनी ती बांधली, पुन्हा मोजलं. "वाढली की! अजून थोडी वाढली तर बाळ लवकर घरी जाईल."

मी सासूबाईंना हाताला धरून आत आणलं आणि पेटीलगतच्या खुर्चीवर बसवलं. "आई, अंगावरचीही पांढरीच आहे ना? मग आता इथून हलायचं नाही."