गोदाक्काची बोलकी गाय

सांगितलं तर कुणाला पटायचं नाही, पण गोदाक्काच्या गोठ्यातली गाय चक्क मराठीत बोलायला लागली. मुरघासाचे, म्हणजे आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याचे, गठ्ठे फोडून वैरण घालणारं यंत्र चार दिवस वापरून बघायला आणलं होतं. ते म्हणे गाईच्या मनातलं ओळखून तिच्या वतीनं बोलायचं. ही गाभण गाय, हरणी, रोज रोडावत होती, तरी यंत्र गोड आवाजात सांगे, “पोट भरलं हो, आक्का!”

“ऐकलंत? वैरण निम्मी लागली, गाय खूश! गठ्ठे फोडायचा विळा टाका, हेच ठेवून घ्या,” विक्रेता सुहास म्हणाला.

गोदाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मेल्या, भरल्या पोटाची गाय रवंथ करते. ही दावं चघळतेय! तुझं यंत्र माझ्या गाईच्या नावानं थापा मारतंय!”