गाडीतलं पाणी

सुलभाने झडप सैल केली आणि काळं, कुजकट पाणी थेट तिच्या तोंडावर उडालं. ती थुंकत मागे सरली.

वडिलांच्या या जुन्या, छोट्या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या. नळ्यांमध्ये भरलेल्या खास द्रवावर ती तोललेली असायची. गाडी डावीकडे कलायला लागली म्हणून सुलभा तो द्रव बदलत होती. संध्याकाळी विकत घेणारं जोडपं येणार होतं.

"दादा, तू यात काय भरलंस?"

"टाकीच्या तळाचं पाणी," प्रभाकर हसला. "गिऱ्हाइकाला गाडी सरळ उभी दिसली की झालं."

"नळ्या आतून गंजल्यात. घाटात एखादी फुटली तर? त्या बाईला सातवा महिना आहे, दादा!"

"एकदा विकली की आपला काय संबंध?"

पाण्याच्या वासाहून त्या वाक्याची तिला जास्त किळस आली. तोंड पुसून तिने त्याच्यासमोरच फोन लावला.

"गाडी आज मिळणार नाही. नळ्या गंजल्यात, त्या बदलाव्या लागतील."

प्रभाकर तणतणत आत गेला. थोड्या वेळाने नमतं घेऊन चहा घेऊन आला.

"खाली ठेव," ती म्हणाली. त्याच्या हातून कप घेणं तिच्याने झालं नाही.