पुसलेली खूण

"सिमेंटवर चेंडूची खूण राहत नाही ना, म्हणून दंतवैद्यांना सिमेंटचं कोर्ट हवंय," टेनिस क्लबच्या खजिनदाराची बायको मागच्या बाकावर कुजबुजली. कुजबुज कसली, पुढे बसलेल्या दंतवैद्याच्या बायकोला शब्द न् शब्द ऐकू गेला.

तिने मान वळवली नाही, पण कानशिलं तापली. सहा महिने नवऱ्याने कमिटीचं डोकं खाल्लं होतं. मातीच्या कोर्टाला रोज पाणी मारा, रोलर फिरवा, जरा पाऊस झाला की दोन दिवस कुलूप. आडवे यायचे ते एकटे पोस्टमास्तर. मातीवर गुडघे शाबूत राहतात, म्हणायचे, आणि चेंडू कुठे पडला यावर भांडावं लागत नाही. हे दुसरं म्हणताना ते नवऱ्याकडे बघत. हल्ली नवऱ्याचं "बाहेर!" ओरडणं फारच वाढलं होतं.

आज फायनलला नवऱ्यासमोर तेच पोस्टमास्तर होते आणि त्यांना जिंकायला एकच पॉइंट हवा होता. त्यांनी चेंडू थेट कोपऱ्यात मारला.

"बाहेर!" नवरा ओरडला.

"आत होता, डॉक्टर!"

पंच म्हणून बसलेले निवृत्त हेडमास्तर खूण बघायला उंच खुर्चीवरून एकेक पायरी उतरू लागले. ती बाकाच्या कडेवर सरकली. हरू दे मेला, पण चारचौघांत लबाड ठरायला नको.

नवरा त्यांच्याआधी खुणेपाशी पोचला. वाकला, आणखी वाकला, नाक मातीला टेकेल इतका वाकला. मग उठला आणि बुटाने खूण पुसून टाकली.

तिने डोळे मिटले. संपलं सगळं.

मागे टाळ्या वाजल्या. "अहो, डोळे काय मिटता?" खजिनदाराची बायको म्हणाली. "पॉइंट देऊन टाकला त्यांनी! मातीवर आपल्या बाजूची खूण आपणच पुसली, म्हणजे चेंडू आत होता हे कबूल केलं."

हेडमास्तरांनी पोस्टमास्तर जिंकल्याचं जाहीर केलं. तिला इतकं हलकं वाटलं, की तीही जोरजोरात टाळ्या वाजवू लागली.

नवरा घाम पुसत शेजारी येऊन बसला. "मला खरंच बाहेर वाटला गं. हल्ली रेघच नीट दिसत नाही. त्यात माती उडून ती झाकली जाते. सिमेंटवर कशी ठसठशीत दिसते!"

"म्हणून सिमेंट हवं होतं?"

"मग कशाला?"

"आणि दवाखान्यात कसं दिसतं?"

"दात जवळ असतात."

ती हसत सुटली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"कोर्ट बदलायला सगळी कमिटी लागते," ती डोळे पुसत म्हणाली. "चष्म्याला मी एकटी पुरे. चला, उठा."