आत शिरताना

पाडव्यालाही वैजयंतीबाई लॅबमध्ये आल्या होत्या. मलेरियाच्या परजीवींना ताज्या तांबड्या पेशी लागतात, त्यांना सणवार कळत नाही. पेशी बाईंच्याच रक्तातल्या होत्या. ऐन दिवाळीत दुसरं कोण रक्त देणार?

मायक्रोस्कोपखाली एक परजीवी पेशीला येऊन चिकटला. आत शिरताना तो एका एन्झाइमने स्वतःच्याच अंगावरचं आवरण कापून टाकतो. बाईंच्या औषधाने आज ते एन्झाइमच बंद पाडलं होतं. परजीवी धडपडला, पेशी थरथरली, पण तो आत जाऊ शकला नाही. बाहेरच निपचित पडला.

इतक्या वर्षांचं काम जमलं होतं. बाईंनी विद्यार्थिनीला फोन लावला.

“माहेरी आलेय मॅडम, पानं वाढलीत. नंतर करू?”

“काही विशेष नाही गं. जेव तू.”

घरी आल्या तर शेजारी खटावकरांकडे हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. खटावकरवहिनी दरवर्षी फराळ आणायच्या. बाई अर्धवट उघडलेल्या दारातूनच डबा घ्यायच्या आणि कामाचं कारण सांगून दार लावायच्या. गेल्या वर्षीचा डबा अजून ओट्यावर होता. रिकामा कसा परत द्यायचा, म्हणून तसाच राहिलेला. यंदा दिवाळी सरत आली तरी वहिनी फिरकल्या नव्हत्या.

बाईंनी डबा पुसला, त्यात वाटीभर साखर घातली आणि शेजारची बेल दाबली.

“दार उघडंच आहे, या ना आत,” वहिनींचा आवाज आला.

डबा छातीशी धरून बाई बाहेरच उभ्या राहिल्या.